तिसऱ्या लेथवर धार कोण खातं?

१

"टूल गायला लागलं की समज, त्याचा जीव चालला."

माझा बाप हे म्हणायचा तेव्हा माझी हनुवटी जेमतेम सहाणेच्या टेबलाला टेकायची. चाक फिरत असायचं, ठिणग्या त्याच्या बाहीवर येऊन विझायच्या, आणि तो माझ्याकडे न बघता बोलत राहायचा. लोखंड कापणारं टूल धड असलं की ओल्या वाळूवरून होडी ओढावी तसं बोलतं, जाडं, एका सुरात. सूर चढला की थांबायचं. टूल काढायचं, धार लावायची, परत चढवायचं. वेळेवर थांबणाऱ्याला एक टूल सात जन्म साथ देतं. न थांबणाऱ्याला एकसुद्धा पुरा नाही.

बाप गेला आणि चाक माझ्याकडे आलं. दर्याकाठच्या आमच्या तेगल गावातल्या लेथवाल्यांच्या गल्लीत मला सगळे धारवाली सिती म्हणतात. वार्सिती हे अख्खं नाव माझ्या लग्नात एकदा वाचलं गेलं तेवढंच. सकाळी सायकलवरून बोथट टूलं गोळा करायची, दिवस मावळायच्या आत परत पोचवायची. घासायचं ते गरजेपुरतं. जास्त घासलं तर टूलाचं आयुष्य मीच खाल्लं, कमी घासलं तर लेथ खाणार. झिजलेली धार हातात घेतली की मला माणूस दिसतो: हा घाईचा, हा आळशी, हा आज बायकोशी भांडून आलाय.

अशा माझ्यावर आळ आला, तोही भर चहाच्या टपरीवर.

सकाळी गल्लीतले सगळे मालक तिथे असतात. मातीच्या पोचीत, म्हणजे बुटक्या किटलीत, मोगऱ्याचा चहा, पेल्याच्या तळाशी खडीसाखर. ती ढवळायची नसते; आधी कडू प्यायचं, गोड मागून आपसूक येतं. पाक काजी तास्मारी आले, वडीलधारे म्हणून सगळ्यांचे पाक, हातात दयाळाचा पिंजरा. गल्लीतले सगळ्यात जुने लेथवाले ते, अर्ध्या गल्लीला लेथ त्यांनीच शिकवली. कुणीतरी रिवाजाप्रमाणे पाखराची चौकशी केली. पाक काजींनी मान हलवली. पाखरू मुकं झालंय, म्हणाले, चोच उघडतं पण आवाज नाही. सगळे गालात हसले. पाखरांच्या गाण्याच्या शर्यतीला जाणारा माणूस आपल्या पाखराची तारीफ स्वतःच्या तोंडानं कधी करत नाही, दृष्ट लागते. पाखरू जितकं गुणी, तितकी मालकाची तक्रार मोठी.

मग त्यांनी डबा उचलला आणि माझ्या पेल्याशेजारी उपडा केला. टूलं खणखणत पसरली. एकाचीही धार जागेवर नव्हती.

"सिती, तुझं चाक माझी टूलं जाळतंय," ते म्हणाले. आवाज मोठा होता. पण तेगलात हळू बोलणाऱ्याला लोक आजारी समजतात, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पुढचं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. कोळ्यांच्या होड्यांचे शाफ्ट चालू आहेत, दर्याच्या पूजेआधी द्यायचे आहेत. ते होईस्तोवर ते वाट बघतील. तोवर टूलं अशीच मरत राहिली, तर त्यांची टूलं शहरातल्या मोठ्या कारखान्यात धारेला जातील.

त्यांची जातील म्हणजे सगळ्या गल्लीची जातील. मी आजूबाजूला पाहिलं. एकेका मालकाचा हात आपापल्या टूलांच्या डब्यावर जाऊन बसला होता, जशी काही मी चोरणारच होते. बापाचं चाक थंड पडायला आता एवढ्या शाफ्टांचाच अवकाश होता.

२

मी ती टूलं घरी आणली, खिडकीपाशी बसले आणि भिंगाखाली एकेक धरली. चाकानं जळलेली धार मला ठाऊक आहे. तिच्यावर करपट रंग चढतो, आणि सुकलेल्या तळ्याच्या मातीसारख्या बारीक भेगांची जाळी उठते. इथे रंग नव्हता, जाळीही नव्हती. धार कडेकडेनं कुरतडलेली होती, उंदरानं पापड खावा तशी, इवल्या इवल्या चंद्रकोरी एकापुढे एक. म्हणजे लोखंड कापता कापता टूल थरथरलं होतं. थरथरणारं टूल किंचाळतं. मग लेथपाशी उभा असलेला माणूस थांबला का नाही?

पाक काजी माप घ्यायला बंदरावर गेल्याचं कळलं तशी मी त्यांच्या शेडवर गेले. तिथे तीन लेथ एका रांगेत. पहिली कांग दुलकामिदांची, म्हणजे दुलकामिददादांची; पाक काजींचे सगळ्यात जुने चेले, दिवसाला चार वाक्यं बोलणार. दुसरी वासरोनीची, माझ्याच वयाचा, आणि त्याचं तोंड त्याच्या लेथपेक्षा जोरात चालतं. तिसरी खिडकीपाशी, तिच्यावर दयाळाचा पिंजरा. टूलांची फळी मात्र तिघींना मिळून एकच, त्यामुळे कुठलं टूल कुठल्या लेथवर मेलं हे सांगता येत नाही.

मी उंबरा ओलांडला आणि दयाळानं लांब तान सोडली. बारीक, धारदार, भिजल्या बोटानं काच घासावी तशी. अशी तान मी कुठल्याच दयाळाच्या तोंडून ऐकली नव्हती. हा पक्षी ऐकेल ते उचलतो हे खरं, पण हे त्यानं कुठून उचललं? मनात म्हटलं, एवढं गाणाऱ्याला मुकं म्हणायचं म्हणजे पाक काजींच्या विनयाची कमालच झाली.

वासरोनीनं मला पाहिलं आणि पान्यानं ताल धरत दोन ओळी जुळवल्या:

"पोचीत चहा गं, खडीसाखर तळाला,
धार खाल्ली कुणी, आळ आला कुणाला."

मी म्हटलं, गाणं पुरे, खाल्ली कुणी ते सांग. तो एकदम गप्प झाला आणि पाना पुसायला लागला. वासरोनी गप्प, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

कांग दुलकामिदांना विचारलं तर त्यांनी हात पुसायला फडकं घेतलं आणि हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिले. शेवटी म्हणाले की मीच असेन. वय झालं, लक्ष राहत नाही. मी खाली वाकून त्यांच्या लेथखालचा कीस उचलला. लांब, निळसर, वेणीतल्या रिबिनीसारखा गुळगुळीत. असा कीस काढणारा माणूस धार कुरतडत नाही.

बाहेर पडले तर वासरोनी सायकलीपाशी उभा. म्हणाला, कांगचं मनावर घेऊ नकोस, ते मीच करतो, मजेखातर लेथ जोरात पळवतो. मी परत आत गेले. त्याच्या लेथखाली आखूड, तपकिरी, तुटक कीस पडला होता. घाईच्या माणसाचा, पण निरोगी.

तिसऱ्या लेथखाली मात्र वेगळीच रास होती. कीसाच्या कडेला दाते होते, माशाच्या परासारखे. थरथर तिथली होती. शाफ्टची पहिली भरड कापणी तिथे होते, शेवटचा हात वासरोनीच्या लेथवर फिरतो आणि मागची सगळी वळं पुसली जातात; म्हणून शाफ्ट बघून काहीच कळत नव्हतं. तिसरीवर काम कोण करतं, मी विचारलं. कधी हा, कधी तो, दोघं म्हणाले. कांग दुलकामिद खिडकीबाहेर बघायला लागले. वासरोनीनं झाडू घेतला आणि दात्यांचा तो कीस माझ्या पायाखालून लोटून नेला.

आमच्या गावात कुणाच्या पोटात काही राहत नाही. नवरीच्या तोंडावर पावडर जास्त झाली तर तिला बोहल्यावर सांगणारी आमची माणसं. आणि इथे दोन बाप्ये एका गुन्ह्यावर आपापलं नाव घालायला धडपडत होते, आणि दोघंही खोटं बोलत होते.

३

तिसरा माणूस आपण होऊन माझ्या दारात आला. पाक काजींच्या बायको, बू काजी. केळीच्या पानात गरम गरम ताहू आचि, तळलेले टोफूचे तुकडे, बांधून आणले होते, तेलाचा वास दारापासून घमघमत होता. मला म्हणाल्या, आधी खा, मग बोलू. खाऊ घालून मग बोलायचं म्हणजे बोलणं जड असणार.

त्या माझ्या चाकाकडे बघत बसल्या. चुलीवरची किटली शिट्टी मारायला लागली, तशा माझ्याआधी त्याच उठल्या. सवय झालीय, म्हणाल्या, आमच्याकडे किटलीपाशी उभंच राहावं लागतं आताशा, दोनदा करपली. मग पाखराची कागाळी झाली. त्याच्या त्या चिरक्या तानेनं त्यांचं डोकं उठतं. पिंजरा परसात टांगते म्हटलं तर मालक ऐकत नाहीत. राहू दे इथेच, कधीतरी गाईल, म्हणतात.

मी दुसरा ताहू तोंडात घातला तेव्हा त्या मूळ गोष्टीवर आल्या.

"सिती, तूच कबूल कर ना गं. म्हण, चाकाचा दगड नवा होता. लोक विसरतात."

मी विचारलं की कुणासाठी कबूल करू. बू काजींनी पानाची घडी घातली, मोडली, परत घातली. शेवटी एवढंच म्हणाल्या की पोरी, तुझ्याकडे अजून वर्षं आहेत. आणि गेल्या.

त्या वळणाआड दिसेनाशा झाल्या आणि मी विचार करत बसले. कांग दुलकामिद आणि वासरोनी एकमेकांना वाचवत असते, तर बू काजींना येण्याचं कारण नव्हतं. चेल्यांसाठी कुठली मालकीण दुसऱ्याच्या दारात पदर पसरते? केळीच्या पानात ताहू बांधून बाई येते ती एकाच माणसासाठी.

धार कोण खातं ते मला कळलं होतं. पण ते खरं कसं असेल, हे कळत नव्हतं. टूल किंचाळलं की थांबा, हे गल्लीला शिकवणारा माणूसच थांबत नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. पाक काजी तिसऱ्या लेथपाशी होते, चष्मा कपाळावर, टोपी मागे सरकलेली. शाफ्ट फिरत होता, टूल थंड ठेवणारी दुधी पाण्याची धार नीट पडत होती, वेगही जास्त नव्हता. मग माझी नजर टूलावर गेली. ते पकडीतून नको तितकं बाहेर आलं होतं, गळाच्या काठीसारखं. कारण उघड होतं: जवळचं धूसर दिसायला लागलेल्या माणसाला धार डोळ्यांपुढे हवी असते. पण जितकं टूल बाहेर, तितकं ते थरथरणार.

त्यांनी टूल आत घातलं आणि शेडभर किंकाळी उठली. माझे दात आंबले. कांग दुलकामिदांनी डोळे मिटले. वासरोनीनं खांदे वर ओढून कान झाकल्यासारखं केलं. आणि वरून दयाळानं त्याच सुरात, त्याच लांबीची तान परत केली. भिजल्या काचेची तान. ती त्यानं इथून उचलली होती.

पाक काजींच्या तोंडावर मात्र न्हालेल्या बाळासारखी शांती होती. ते स्वतःशी काहीतरी गुणगुणत होते.

लेथ थांबली. ते माझ्याकडे वळले, पिंजऱ्याकडे बोट केलं. दयाळ अजून गात होता, चोच वासून, शेपटी उभारून. पत्रे झिणझिणत होते.

"बघ," ते मला म्हणाले, "गळा कसा फुगवतो. आवाज तेवढा नाही."

ते विनय करत नव्हते. टपरीवरही केला नव्हता. खरंच सांगत होते.

सगळा गुंता सुटला. जन्मभर लेथपाशी उभं राहून कान आधी वरच्या सुरांना पारखे होतात. माणसाचं जाडं बोलणं ऐकू येतं, ओठ बघून उरलेलं जुळवता येतं. पण किटलीची शिट्टी, दयाळाची तान आणि टूलाची किंकाळी, तिन्ही एकाच उंचीवर राहतात, आणि तिथवर पाक काजींचा कान आता चढत नव्हता. त्यांच्या लेखी लेथ शांत चालत होती. शांत चालणाऱ्या लेथवर टूलं मरत असतील, तर दोष धारवालीचा. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

पाक काजी नमाजासाठी हातपाय धुवायला गेले तेव्हा मी त्या दोघांपुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, माहीत होतं तर बोलला का नाहीत. वासरोनीनं कांगकडे बघितलं. कांग दुलकामिदांनी त्या दिवसाची सगळी वाक्यं बहुतेक माझ्यासाठी राखली होती.

"ज्यानं मला लोखंड ऐकायला शिकवलं," ते म्हणाले, "त्याला मी हे कुठल्या तोंडानं सांगू?"

माझ्यापाशी आता पुरावा होता. दात्यांचा कीस, बाहेर आलेलं टूल, पिंजऱ्यात गाणारा साक्षीदार. टपरीवर जाऊन दोन वाक्यं बोलायची, की माझं चाक वाचलं. आणि त्याच दोन वाक्यांनी पाक काजींची लेथ गेली. बहिऱ्या टर्नरला होडीचा शाफ्ट कोण देणार?

५

वाट वासरोनीनं काढली, आणि अर्थातच थट्टेत. पाखरू टूलाला उत्तर देतं ना, म्हणाला, मग पाक काजींना कान कशाला हवेत? दयाळाची शेपटी उभी राहिली की थांबायचं. डोळ्यांनी ऐकायचं. कांग हसले. मी पण हसले. मग तिघांच्याही लक्षात आलं की युक्ती फर्मास आहे, पण ती पाक काजींना सांगायची तर आधी तेच सांगावं लागणार, जे कुणी सांगत नव्हतं.

मी म्हटलं, सांगायचं नको. टूलालाच सांगू दे.

मी तिसऱ्या लेथची पकड सैल केली, नवं टूल आत ढकललं, जेमतेम बोटाच्या पेराएवढं बाहेर ठेवलं आणि आवळलं. त्याच्या धारेवरून तेलाचा दगड एकदाच हलका फिरवला, कडेचं केसाएवढं टोक मारलं. अती तीक्ष्ण धार आधी तुटते; जरा नरमली की टिकते.

पाक काजी आले. आत गेलेलं टूल पाहून त्यांची भुवई चढली. कांग दुलकामिदांकडे एक रागाची नजर टाकली, पण शाफ्ट घाईचा होता. त्यांनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले आणि लेथ चालू केली.

ओल्या वाळूवरून होडी सरकली.

एक शाफ्ट झाला. दुसरा चढला. किंकाळी नाही. दयाळानं मान तिरकी करून खाली बघितलं, वाट पाहिली, कंटाळून पंख साफ करायला लागला. वासरोनीनं एका पायावर गिरकी घेतली, तेलाच्या डब्यावर थाप मारली. कांग दुलकामिद मला चहा घेऊन आले, स्वतः. शाफ्टावर शाफ्ट उतरत गेले, लख्ख, दर्यातल्या उन्हासारखे, आणि टूल एकच. बू काजी परसदारातून डोकावल्या, इतकी शांतता कसली म्हणून बघायला, आणि माझ्याकडे बघून तिथेच उंबऱ्यावर टेकल्या.

काम संपवून पाक काजींनी टूल सोडवलं. खिशातून भिंग काढलं. धार जागेवर होती. तिच्यावर झिजेची एक सरळ, चमकती रेघ, बस्स. ते बघत राहिले. मग त्यांनी पकडीकडे बघितलं, मग माझ्या बोटांना लागलेल्या तेलाकडे, मग त्या दोघांकडे. दोघांनी माना खाली घातल्या होत्या. मग उंबऱ्यावरच्या बायकोकडे. तिनं घातली नव्हती.

लेथ शिकवणाऱ्या माणसाला यापुढचं समजावावं लागत नाही. टूल मरत होतं ते बाहेर राहून थरथरल्यामुळे. थरथरणारं टूल किंचाळतं. आणि ती किंकाळी शेडमधल्या चौघांनी ऐकली होती.

त्यांनी टूल खिशात टाकलं, पिंजरा काढला आणि निघून गेले.

वासरोनी म्हणाला, झालं, उद्यापासून आम्ही दोघं तुझ्या सायकलमागे पळत टूलं गोळा करू.

६

सकाळी टपरीवर जाऊच नये वाटत होतं, पण घरी बसले असते तर आळ खरा ठरला असता. मी माझ्या नेहमीच्या बाकावर बसले. मालक मंडळी होती. डब्यांवर हात होते. बाहेर होड्यांना रंग लावून येणारी कोळ्यांची पोरं निळे-लाल हातोपे मिरवत जात होती, पूजेला चार दिवस उरले होते आणि रस्ताभर कागदी पताका फडफडत होत्या.

पाक काजी आले. आज त्यांच्या अंगावर शुक्रवारच्या नमाजाचा सारुंग होता, लुंगीच ती, पण इस्त्रीची. कुणीतरी पाखराची चौकशी केली. ते सरळ माझ्या बाकावर येऊन बसले. कालचं टूल खिशातून काढलं आणि माझ्या पेल्याशेजारी ठेवलं, अलगद, अंडं ठेवावं तसं. चहा आला. त्यांनी तो ढवळला नाही. कडू घोट घेतला, मग दुसरा. पेला अर्धा झाला, गोड लागायला लागला असेल.

मग ते माझ्याकडे झुकले. तोंडाशी हात धरला, एवढंसं, फक्त माझ्यापुरतं सांगावं तसं. त्यांना वाटत होतं की ते माझ्या कानात बोलतायत. पण तो आवाज पोच्या ओलांडून, पताका ओलांडून गेला. पलीकडच्या कडेला सायकलरिक्षावाल्यानं ब्रेक दाबला, टपरीवालीचा पळा हवेत थांबला.

"तुझ्या चाकाचा दोष नव्हता, सिती."

डब्यांवरचे हात एकेक करून उचलले गेले. सगळ्यात टोकाला बसलेल्या मालकानं आपला डबा फळीवरून माझ्याकडे सरकवला, मग त्याच्या शेजाऱ्यानं, मग आणखी एकानं. पाक काजींचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी हात तोंडाशी आणखी जवळ घेतला, बाकीच्या मालकांना कळू नये म्हणून असेल, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ते माझ्या कानात म्हणाले:

"मला ऐकू येत नाही गं. वर्ष झालं असणार."